चिंचोक्याची खळ आणि रंगवलेल्या भिंती

ओडिशातल्या रघुराजपूरला वळणाऱ्या बहुतेक मराठी गाड्या जगन्नाथाचं दर्शन उरकून पुरीहून भुवनेश्वरकडे निघालेल्या असतात. चंदनपूरला हमरस्ता सोडला की दीडेक किलोमीटरवर, भार्गवी नदीच्या काठी, नारळीच्या गर्दीत हे गाव लागतं. अर्धा तास, फार तर पाऊण तास मिळतो. दोन्ही बाजूंच्या चितारलेल्या भिंतींपुढे फोटो होतात, ओसरीवर मांडलेल्या वस्तू बघून होतात, एखादा पट नाहीतर रंगवलेली बाटली पिशवीत पडते आणि गाडी निघते. तेवढ्या वेळात गावाचं दर्शनी अंग दिसतं. ज्याच्यावर या गावाचं नाव उभं आहे ते परसदारी मातीच्या भांड्यात भिजत पडलेलं असतं. ते म्हणजे चिंचोके.

हे गाव ओळखलं जातं ते पटचित्रासाठी, म्हणजे खास तयार केलेल्या कापडी पटावर काढलेल्या पारंपरिक चित्रासाठी. त्याची सुरुवात चित्रापासून होत नाही, पट बनवण्यापासून होते. चिंचोके तीनेक दिवस पाण्यात भिजवतात. ते फुगले, साल सुटली की वाटतात आणि मातीच्या भांड्यात पाणी घालून शिजवतात. ढवळत राहिलं की घट्टसर, चिकट खळ तयार होते. आपल्याकडे घोंगडी ताठ करायला हीच खळ वापरत आले आहेत, त्यामुळे मराठी माणसाला ती नवी नाही. मग जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घेतात, बहुधा साडीचं. एका तुकड्यावर खळ फासून दुसरा त्यावर चिकटवतात, हवेचा एकही फुगा न ठेवता, आणि उन्हात वाळवतात. नंतर खडूची किंवा मऊ पांढऱ्या मातीची पूड त्याच खळीत कालवून दोन्ही बाजूंना दोन-तीन हात देतात. प्रत्येक हात पुरता वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही.

त्यानंतर घोटाई. आधी खरखरीत दगडाने, मग गुळगुळीत गोट्याने, तासन्‌तास. घोटून झालेला पट हातात घेतला तर कातड्यासारखा लागतो. तो कापडासारखा लोंबत नाही आणि कागदासारखा कुरकुरत नाही. चित्रकाराची केसाएवढी काळी रेघ न फुटता सलग धावते ती या पृष्ठभागामुळे.

यातलं काय बिघडतं हे कळलं की पर्यटनाने काय बिघडवलं तेही कळतं. खळ जास्त झाली तर पट ठिसूळ होतो आणि गुंडाळताना आडव्या भेगा जातात. कमी झाली तर पांढरा थर पुडीसारखा बोटाला लागतो. कापडात पॉलिस्टर असेल तर खळ धाग्यात मुरत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत दोन पदर सुटून पापुद्रे येतात. नवं कोरं, कांजीचं कापड न धुता घेतलं तरी तेच. पावसाळ्यात घाई केली तर आत ओल राहते, बुरशीचे करडे ठिपके उमटतात. शिजवलेली खळ एक-दोन दिवसांत आंबते, म्हणून ती लागेल तेवढीच करावी लागते. घोटाई अर्धवट सोडली तर कुंचल्याचे केस अडकतात आणि रंग रेघेबाहेर फुटतो. यातली एकही चूक विकत घेताना दिसत नाही. सगळ्या चुका गिऱ्हाईक घरी पोचल्यावर दिसतात, आणि ते गिऱ्हाईक परत येणार नसतं. देवळासाठी किंवा ओळखीच्या यजमानासाठी पट करणाऱ्याला अशी मोकळीक कधीच नव्हती.

गावाची रचना साधी आहे. समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या दोन लांब रांगा, मधल्या पट्ट्यात ओळीने छोटी देवळं, आणि जिथे भागवताचं वाचन होतं ती भागवत टुंगी. प्रत्येक घराला पुढे उंच ओसरी असते, तिला पिंडा म्हणतात. चित्रकार तिथेच बसून काम करत आले. मागे परस, नारळ, आंबा, पानवेली. 1998 साली इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने या गावाचा अभ्यास आणि दस्तऐवजीकरण सुरू केलं आणि 2000 साली रघुराजपूर ओडिशाचं वारसा-गाव ठरलं. माहिती केंद्र झालं, विश्रामगृह झालं, घरांच्या भिंतींवर चित्रं काढून घेतली गेली. ओडिशाची जुनी भित्तिचित्रं पुन्हा जिवंत व्हावीत हा त्यामागचा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. त्याने गावाला नाव मिळालं, कुटुंबांच्या हाताला काम मिळालं, मुलं याच कामात राहिली. हे मोठं आहे. पुढे जी तक्रार करणार आहे ती हे मान्य करूनच.

तक्रार भिंतीपासून सुरू होते. ओडिशात घराची भिंत कायमची रंगवायची नसे. लग्न ठरलं की दारालगत चित्रकाराकडून मंगलचित्रं काढून घ्यायची, ती ऊनपावसात फिकी व्हायची, पुढच्या कार्याला पुन्हा काढायची. आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायका झोटी काढतात. आपल्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडतात. तिकडे त्याच वारी माणबसा गुरुवार असतो, आणि लक्ष्मी घरात यावी म्हणून अंगणापासून देवघरापर्यंत तिची पावलं उमटवतात. भिजवलेले तांदूळ पातळ वाटून घेतात आणि त्या पांढऱ्या पिठात बोटं बुडवून, नाहीतर चिंधीचा बोळा धरून, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर भाताच्या लोंब्या, कमळं, पावलं काढतात. कुंचला लागत नाही, रंग विकत आणावा लागत नाही, शिकवणी नाही. आईचा हात बघून मुलगी काढते.

तांदळाचं पीठ धरायला भिंत पाणी पिणारी हवी. सारवलेली भिंत ओल ओढून घेते आणि पीठ खरखरीत पृष्ठभागाला बिलगतं. सिमेंटच्या गिलाव्यावर तैलरंग किंवा ॲक्रेलिक मारलेला असेल तर तेच पीठ ओघळतं, आणि वाळल्यावर टवके उडतात. त्यातून भिंतीवर आधीच विकतचं, बारमाही चित्र असेल तर झोटीला जागाच नसते. ती फरशीवर येते, मग उंबऱ्यापुरती, मग बाजारात मिळणाऱ्या स्टिकरपुरती. वारसा जपायचा म्हणून भिंत रंगवायची आणि त्याच भिंतीवर दरवर्षी नव्याने उमटणारा बायकांचा वारसा पुसायचा, असं होतं, आणि हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. झोटीला ना विक्री आहे, ना सही. प्रकल्पाच्या अहवालात तिचा रकाना नसतो. दर घरामागे एक भिंत, निदान दारालगतची, सारवलेली आणि कोरी ठेवायची एवढी अट प्रकल्पाच्या आराखड्यातच घालता येते. खर्च शून्य. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हळहळ याचीच वाटते.

बाजाराच्या नावाने मात्र सरसकट बोटं मोडण्यात अर्थ नाही. प्रवाशासाठी चित्र काढणं हे या कलेला नवीन नाही. पुरीला आलेल्या भाविकांनी घरी न्यायची ती जात्री पटी, लहान, स्वस्त, जगन्नाथ-बलभद्र-सुभद्रेची. ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली. म्हणजे आजच्या भाषेत जिला स्मरणवस्तू म्हणतात ती या परंपरेच्या पोटातलीच आहे. छापील तसबिरी स्वस्तात मिळू लागल्या तेव्हा तिची मागणी बसली आणि चित्रकार दुसऱ्या कामांकडे वळले. 1950च्या दशकात हॅलिना झीली या परदेशी बाईंनी उरलेल्या चित्रकारांना पुन्हा काम करायला लावलं आणि त्यांच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळवून दिलं, तिथून ही कला सावरली. बाहेरच्या गिऱ्हाइकानेच ती तगवली, हे विसरून चालणार नाही.

पण जात्री पटी आणि आजची रंगवलेली बाटली यांत फरक आहे. पटी लहान असली तरी ती करताना पट करावाच लागे, त्यामुळे शिकाऊ मुलाचा हात खळ, घोटाई, किनार या क्रमाने तयार होई. बाटलीला पट नको. नारळाच्या करवंटीला नको, सुपारीच्या खेळण्याला नको. तसर रेशमावरचं चित्रही तयार कापडावर थेट निघतं. या वस्तू वाईट नाहीत, चूल त्यांच्यावर चालते. पण मुलगा पाच वर्षं फक्त बाटल्या रंगवत राहिला तर कला अर्ध्यावरून सुरू झालेली असते, आणि खालचा अर्धा भाग कुणाच्याच हातात राहत नाही. त्यात गल्ली एकच आणि सरळ. गाड्या एका टोकाला थांबतात. पहिल्या पाच-सहा घरांत पर्यटकाचा वेळ आणि पैसा दोन्ही संपतात, आणि टोकाच्या घरातल्या चित्रकाराला मोठा पट महिनाभर करत बसण्यापेक्षा तोंडाशी असलेल्या ओसरीवर वस्तू पुरवणं परवडतं.

रंगांचं तसंच. पांढरा शंखाचा. शंख पाण्यात ठेवून, कुटून, वाटून त्याचं दूध काढायचं आणि कवठाच्या डिंकात मंद आचेवर कालवायचं. काळा दिव्याच्या काजळीचा. दिव्यावर भांडं उपडं धरून जमलेली काजळी खरवडायची. तेल पोलंगाचं. हा पोलंग म्हणजे आपली कोकणातली उंडी, जिच्या तेलावर एके काळी आपलेही दिवे जळत. तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, विटकरी गेरूचा, निळा निळीचा. सगळ्यांना बांधणारा एकच, कवठाचा डिंक. जाड कुंचला म्हशीच्या केसांचा, बारीक उंदराच्या केसांचा, आणि मोठा भाग भरायला केवड्याचं मूळ ठेचून केलेला. क्रमही ठरलेला असतो. आधी किनार, मग आकृत्यांची रूपरेखा, मग सपाट रंग, मग वस्त्रं आणि दागिने, मग काळी रेघ, आणि डोळे शेवटी. पूर्ण झालेला पट निखाऱ्यावर शेकून वर लाखेचा हात देतात. त्याने रंग पक्के होतात आणि ओलीपासून बचाव होतो.

बाटलीबंद रंग आले आणि इथे दोन पायऱ्या एकदम गळल्या. ॲक्रेलिक उष्णतेने मऊ पडतं, त्यामुळे असा पट निखाऱ्यावर धरता येत नाही. वर बाजारातलं वार्निश मारतात आणि ते वर्षागणिक पिवळं पडत जातं. पोस्टर रंग आणखी वाईट, ओल्या बोटालाही निघून येतात. चित्रकाराने ॲक्रेलिक वापरूच नये असं मी म्हणणार नाही. त्या चित्राची किंमत वेगळी हवी आणि गिऱ्हाइकाला ते आधी सांगायला हवं, एवढंच.

नैसर्गिक रंग म्हटलं की शहरी पाहुण्याला ते निरुपद्रवी वाटतात, आणि इथे सावध राहायला हवं. हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमल. कुंचल्याचं टोक ओठांनी साधायची सवय, कोरडी पूड फुंकणं, त्याच हाताने खाणं या तिन्ही गोष्टी या दोन रंगांच्या बाबतीत घातक आहेत. पर्यटकांच्या मुलांसाठी दोन तासांच्या कार्यशाळा घेणाऱ्यांनी शंख, काजळी आणि गेरू एवढ्यावरच भागवावं. तीन रंगांत उत्तम चित्र निघतं. घरातल्या शिकाऊ पोरांनाही हिंगुळ-हरताळ वाटायला बसवू नये.

याच गावाची दुसरी ओळख गोटिपुअ नाच. गोटी म्हणजे एक, पुअ म्हणजे मुलगा. केस वाढवलेली, मुलीचा साज केलेली मुलं जगन्नाथापुढे नाचतात आणि नाचता नाचता स्वतः गातात. ओडिसी नृत्याचे थोर गुरू केलुचरण महापात्र 1926 साली याच गावात जन्मले. ओडिसी नृत्याला आज जे रूप आहे त्यामागे या पोरांच्या नाचाचा मोठा हात आहे. गुरू मागुणी चरण दास यांनी गावात गोटिपुअचं गुरुकुल उभं केलं, त्यांना 2004 साली पद्मश्री मिळाली. पाच-सहा वर्षांचा मुलगा घ्यायचा, तेल लावून अंग मोकळं करायचं, रोज पहाटे बंधांचा, म्हणजे कसरतीसारख्या अंगरचनांचा सराव, जोडीला मर्दळ या ढोलवाद्याचा ताल आणि गाणं. चौदा-पंधराव्या वर्षी आवाज फुटला की त्याची कारकीर्द संपते. म्हणजे हातात आठ-नऊ वर्षं.

या नाचाचा काळ पंचांगाशी बांधलेला आहे. अक्षय्य तृतीयेपासून चंदनयात्रा, श्रावणात झुलन, हे त्याचे उत्सव. पर्यटकांचा हंगाम मात्र थंडीतला. वैशाखाच्या उकाड्यात आणि श्रावणाच्या पावसात त्यांची वर्दळ नसते. म्हणून पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम वेगळा बसवला जातो. वीस मिनिटांत वंदना थोडक्यात, अभिनयाचं एखादं गाणं, आणि मग बंध. एकमेकांच्या खांद्यावर चढून केलेल्या मनोऱ्यांना आणि कमानींना टाळ्या पडतात, कारण ते भाषा न कळताही कळतं. ओडिया गाण्यातला भाव कळत नाही, म्हणून तो आधी कापला जातो. गाणं ध्वनिमुद्रित लावलं की मुलाचं गाणंच सुटतं. गाता येत नाही तो गोटिपुअ अर्धा. शिवाय टाळ्या बंधांना म्हणून बंधच वाढवले, तर वाढत्या वयाच्या पाठीच्या कण्यावर आणि गुडघ्यांवर ताण येतो. दिवसाला दोन-तीन बस आल्या म्हणून दोन-तीन खेळ, असं मुलांकडून करून घेऊ नये. आयोजकांनी एकच खेळ, संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, गाण्यासह आणि अर्थाच्या दोन ओळी आधी सांगून ठेवला, तर प्रेक्षक तासभरही बसतात.

3 मे 2019 ला फनी चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळलं. रघुराजपूर त्याच्या वाटेतच होतं. छपरं उडाली, झाडं पडली, वर्षानुवर्षांचे पट भिजले. चिंचोक्याची खळ पाण्यात विरघळते, त्यामुळे भिजलेल्या पटाचे पदर सुटतात आणि पांढरा थर रंगासकट वाहून जातो. तो दुरुस्त होत नाही. ताडपत्रावरच्या चित्रांचं वेगळं. त्यात लोखंडी लेखणीने रेघ कोरलेली असते आणि काजळी त्या खाचेत भरलेली. पाण्याने काजळी गेली तरी खाच राहते, पान सावलीत दाबून वाळवलं की पुन्हा काजळी चोळता येते. वादळाच्या पट्ट्यातल्या गावाला रंगवलेल्या भिंतींआधी काय हवं होतं ते या एका दिवसाने दाखवलं. जमिनीपासून उंच, पक्क्या छपराची, सगळ्यांची मिळून एक कोठार-खोली हवी, जिथे वादळाची सूचना आली की प्रत्येक घराने आपली पत्र्याची पेटी नेऊन ठेवावी. तसंच पट वाळवायला धूळ न उडणारं मोकळं अंगण, पावसाळ्यासाठी हवा खेळती असलेली छपरी, आणि शंख, कवठाचा डिंक, हिंगुळ ठोक भावात आणून घरोघरी सुटा देणारं सामाईक दुकान. यातलं काहीच फोटोत चांगलं दिसत नाही. पण कला यांच्यावर चालते.

आपल्याकडे सावंतवाडीत याची जुळी बहीण आहे. हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांना रघुराजपूरला गंजपा म्हणतात, आपण गंजिफा. तोच गोल पत्ता, आणि जुन्या पद्धतीत तीच चिंचोक्याची खळ. दशावतारी डाव 120 पत्त्यांचा, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ओडिशात 96 आणि 144चे डावही होतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी हा हुन्नर हाताला धरून जगवला. पण दोन्हीकडे डाव विकत घेणारा तो खेळत नाही, भिंतीवर लावतो. खेळायचा पत्ता पिसता यावा लागतो, घसरावा लागतो, पाठ सगळ्यांची एकसारखी असावी लागते, घामाच्या हाताने रंग सुटता कामा नये. म्हणजे खेळणारा हाच कारागिराचा परीक्षक होता. तो गेला की लाखेचा हात पातळ झाला तरी कुणी विचारत नाही. पिंगुळीच्या चित्रकथीतही तेच होण्याचा धोका आहे. पोथीतलं एकेक चित्र गोष्ट सांगत पुढे धरायचं असतं, आणि आपण त्यातलं एक सुटं चित्र चौकटीत घालून घरी आणतो.

रघुराजपूरला जाणार असाल तर निदान अर्धा दिवस ठेवा, शक्यतो सकाळचा. गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा आणि खरेदी परतताना करा. पट बघताना आधी उलटा करा. पाठीलाही पांढरा हात आणि घोटाई असेल तर काम पुरं आहे, पाठ नुसती कापडासारखी खरखरीत असेल तर घाई झाली आहे. कडेला बोट घासा, पूड लागता कामा नये. कोपरा हलकेच वाकवा, कुरकुरला तर खळ जास्त आहे. रंग दगडी की बाटलीतले हे सरळ विचारा. चांगला चित्रकार लपवत नाही, उलट शंखाच्या पांढऱ्याची वाटी दाखवतो. काळ्या रेघेवर नजर फिरवा, मध्येच जाड-बारीक होऊन थांबली असेल तर हात शिकाऊ आहे आणि किंमतही तशी हवी. पट कुणी केला त्याचं नाव मागच्या बाजूला लिहून घ्या.

आणताना घडी कधीच घालू नका. चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून जाड, रुंद नळीवर सैल गुंडाळा. चित्र आत ठेवून गुंडाळलं तर उलगडताना रंगाचा थर ताणला जाऊन फुटतो. घरी आल्यावर दोन दिवस सपाट ठेवा, मग चौकट करा, काच आणि पट यांच्यात बोटभर फट राहील अशी. कोकणात किंवा मुंबईत असाल तर बाहेरच्या भिंतीवर लावू नका. जूनमध्ये ती भिंत ओलावते आणि चिंचोक्याच्या खळीला कसर लवकर लागते.